पहिला पैसा कोणी घालायचा?

वाचक विचारतात : घरावरचं सोलर

मागच्या अंकात घरावरच्या सोलरबद्दल दोन पानं लिहिली आणि पत्रांचा गठ्ठा आला. सगळी पुण्यातलीच : येरवडा, हडपसर, अप्पर, पर्वती पायथा. ज्यांचं बिल हजाराच्या आत येतं अशा घरांतली यातली बहुतेक पत्रं आहेत, म्हणून या वेळी सगळी जागा पत्रांनाच देते. नव्या वाचकांसाठी सांगते, माझा मूळ धंदा वायरिंगचा. औंधच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडले त्याला सत्तावीस वर्षं झाली. गेली आठ वर्षं छपरांवर पॅनेल बसवते आणि संध्याकाळी लोकांचे अर्ज भरून देते. पत्रांतले प्रश्न वेगवेगळे आहेत, पण गाडी अडते ती एकाच जागी. अनुदान आहे, ते मिळतंही. पण ते येईपर्यंतचा पैसा कोणी घालायचा?

ताई, नमस्कार. मी हाउसकीपिंगला जाते, मिस्टर रिक्षा चालवतात. दोन खोल्या, वर स्लॅब, रेशनकार्ड केशरी. बिल ८६ युनिटचं, साडेसातशेच्या आसपास येतं. बचत गटातल्या बाईने सांगितलं की अडीच हजारात सोलर बसतं. पण वेंडरकडे गेलो तर तो ५५ हजार भरा म्हणतो, नंतर परत मिळतील म्हणतो. खरं काय धरायचं?
– स. ग., येरवडा

वहिनी, दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघं दोन वेगळ्या योजनांबद्दल बोलत आहेत.

केंद्राची पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० असं अनुदान आहे, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. हे पैसे पॅनेल बसून, तपासणी होऊन, नेट मीटर (घरात आलेली आणि लाइनमध्ये परत गेलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागल्यावर तुमच्या खात्यात येतात. तोवर वेंडरला पूर्ण रक्कम द्यावी लागते. तुमचा वेंडर हेच सांगत होता.

अडीच हजारांची गोष्ट राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेची, पूर्ण नाव स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफ टॉप सोलर योजना. ती २०२५ मध्ये मंजूर झाली, ६५५ कोटी रुपयांची, ५ लाख ग्राहकांसाठी. १ किलोवॅटची किंमत ५०,००० धरली आहे. त्यात केंद्राचे ३०,०००. दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्य आणखी १७,५०० देतं, म्हणून ग्राहकाचा वाटा २,५०० राहतो. दारिद्र्यरेषेच्या वर असलेल्या पण महिना १०० युनिटच्या आत वापर असलेल्या घराला राज्याकडून १०,००० मिळतात, तेव्हा वाटा १०,०००. अशा घरात अनुसूचित जाती-जमातीचा ग्राहक असेल तर राज्याचे १५,०००, वाटा ५,०००. तुमचं रेशनकार्ड केशरी आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुम्हाला बहुधा दहा किंवा पाच हजारांचा हिशोब लागेल. गटातल्या बाईंचं कार्ड पिवळं असणार.

आता परवडतं का ते बघू. १ किलोवॅटमधून पुण्यात महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट निघतात. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये भरपूर. तुमचे ८६ युनिट त्यात बसतात. बिल मात्र शून्य होत नाही, कारण स्थिर आकार भरावाच लागतो. तरी साडेसातशेतले सहाशेच्या आसपास वाचतील. दहा हजार भरले तर ते दीड वर्षाच्या आत वसूल होतात, पाच हजार असतील तर आठ-नऊ महिन्यांत. त्यानंतरची वीज तुमची. पॅनेलवर २५ वर्षांची हमी असते आणि पहिली पाच वर्षं देखभाल वेंडरने करायची असते.

दोन गोष्टींवर नीट लक्ष द्या. एक, १०० युनिटची अट सरासरीची नाही. योजनेने धरलेल्या वर्षभरात एकाही महिन्यात वापर शंभरच्या वर गेलेला नसावा. अप्परमधल्या एका घरात मुलीचं लग्न मे महिन्यात झालं, पाहुण्यांसाठी रात्रभर तीन पंखे आणि भाड्याचा कूलर चालला, ११२ युनिट झाले आणि ते घर बाहेर पडलं. बाकी अकरा महिने त्यांचा वापर सत्तर-पंचाहत्तर युनिटच्या वर नव्हता. मला हा नियम पटत नाही. गरिबी मोजायची तर वर्षाची मोजा. तुम्ही त्या वर्षाची बारा बिलं काढून आधी खात्री करा, उगाच हेलपाटे नकोत.

दुसरी गोष्ट आगाऊ पैशांची. माझ्या ओळखीच्या बचत गटातल्या सहा जणींनी एका वेंडरला प्रत्येकी पाच हजार दिले, कच्च्या पावतीवर. चार महिने झाले तरी छपरावर एक अँगल लागला नव्हता. शेवटी गटाच्या अध्यक्षाबाई रोज सकाळी त्याच्या दुकानासमोर जाऊन बसल्या तेव्हा पैसे परत आले. योजनेत तुमचा वाटा ठरलेला आहे. त्याहून एक रुपया जास्त मागितला तर कशाचा ते लेखी मागा, आणि वेंडर योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का ते मुलाकडून मोबाईलवर बघून घ्या.

स्मार्टमध्ये नंबर लागला नाही तरी केंद्राची योजना आहेच. ३ किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय बँकेचं कर्ज मिळतं, व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराच्या अर्धा टक्का वर. पण रिक्षावाल्याच्या घरी महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हप्ता ठेवणं किती जड जातं हे मला माहीत आहे. बंगळुरूच्या सेल्को कंपनीचे हरीश हांडे, ज्यांना २०११ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते एका फेरीवालीचं म्हणणं नेहमी सांगतात : महिन्याचे तीनशे जड जातात, रोजचे दहा जड जात नाहीत. गटाकडून अंतर्गत कर्ज घेता येत असेल तर ते घ्या, आणि रोज गल्ल्यातून वीस-पंचवीस रुपये बाजूला टाका. बँकेपेक्षा गटाचा हप्ता तुमच्या कमाईच्या चालीला धरून असतो.

आणि बिल कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा. माझ्या आईचंच सांगते. वडील जाऊन सात वर्षं झाली होती, बिल त्यांच्याच नावावर येत होतं आणि आम्ही ते मुकाट भरत होतो. अर्जात ग्राहकाचं नाव आणि बँक खात्याचं नाव जुळेना. नाव बदलायला सगळ्या भावंडांच्या सह्या लागल्या, धाकटा सुरतेला, तो दिवाळीलाच येतो. पाच महिने त्यात गेले. माझ्यासारखीच्या घरी ही गत, तर बाकीच्यांचं काय सांगू.

लाइट गेली तरी सोलरवर पंखा चालेल ना?
– एक वाचक, लोहगाव

नाही चालणार. अनुदानातली बहुतेक यंत्रणा महावितरणच्या लाइनला जोडलेली असते. लाइन बंद झाली की पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो, भर दुपारी ऊन असलं तरी. ते मुद्दाम तसंच केलेलं असतं. खाली खांबावर लाइनमन काम करत असेल आणि तुमच्या घरातून उलटा करंट गेला, तर त्याच्या जिवावर बेतेल. बॅटरीची यंत्रणा वेगळी मिळते, पण ती महाग पडते आणि बॅटरीला या योजनेत अनुदान नाही.

आम्ही पुनर्वसनाच्या इमारतीत राहतो. अकरा मजले, ७२ घरं. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे यांचं बिल दर महिन्याला वाढतंय. निम्मे लोक मेंटेनन्स देत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात बिल थकलं म्हणून तीन आठवडे लिफ्ट बंद होती. नवव्या मजल्यावरच्या आजी तीन आठवडे खाली उतरल्या नाहीत. गच्चीवर सोलर लावता येईल का?
– सोसायटीचे सचिव, हडपसर

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. झोपडीत असताना माणसाला लिफ्टचं बिल नव्हतं. पक्कं घर मिळालं, आणि त्याच्याबरोबर एक असा खर्च आला ज्याचा घर देताना कोणी हिशोब केला नाही. सरकारी पैशातून सोलर द्यायचं असेल तर माझ्या मते पहिला हक्क अशा इमारतींच्या सामाईक मीटरचा आहे. एका यंत्रणेने ७२ घरांचं भलं होतं, आणि त्यात त्या आजींचंही होतं ज्यांच्या नावावर कसलाच अर्ज भरता येत नाही.

सोय आहे. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. संस्था नोंदणीकृत हवी, सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, आणि मीटर संस्थेच्या नावावर हवा. विकसकाच्या नावावरच राहिला असेल तर आधी तो बदला. अशा इमारतींत हे फार दिसतं.

तुम्ही पाठवलेल्या बिलात महिन्याचे ८७० युनिट आहेत. मीटर एकच, त्यामुळे ५०० च्या वरचे युनिट सगळ्यात महाग टप्प्यात जातात. ८ किलोवॅट बसवलं तर महिन्याला ८०० ते ९६० युनिट निघतील. जागा साधारण ८०० चौरस फूट लागेल, सावली नसलेली. किलोवॅटला ५५,००० धरले तर खर्च ४,४०,०००. अनुदान १,४४,०००. उरले २,९६,०००, म्हणजे घरटी चार हजार शंभर. आता खरी अडचण बघा. अनुदान नंतर येतं, म्हणून सुरुवातीला घरटी सहा हजार एकशे लागतात. जिथे मेंटेनन्सचेच पैसे जमत नाहीत, तिथे हे कुठून आणायचे?

यावर एक वाट आहे. योजनेत असंही करता येतं की कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनेल लावते आणि संस्था फक्त वापरलेल्या युनिटचे पैसे ठरलेल्या दराने देते. पहिला पैसा कंपनी घालते. पण करार दहा-पंधरा वर्षांचा असू शकतो, म्हणून दर, दरवाढ आणि मधेच करार मोडला तर काय, ही तीन कलमं वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि कंपनी विचारेल की पैसे थकले तर काय. त्याची तयारी आत्तापासून करा. सहा महिने सामाईक बिल वेळेवर भरून दाखवा, त्याच्या पावत्या फाईलला लावा.

सही करण्याआधी सावली स्वतः बघा. पुनर्वसनाच्या इमारतीला खेटून विकसकाने विकायला बांधलेली उंच इमारत असते, आणि ती दक्षिणेला असेल तर हिवाळ्यात तुमची गच्ची झाकते. पुण्यात २१ डिसेंबरच्या आसपास दुपारी साडेबाराला सूर्य इतका खाली असतो की सावलीची लांबी जवळपास उंचीइतकीच पडते. शेजारची इमारत तुमच्याहून २० मीटर उंच असेल तर १८ मीटरपर्यंत सावली धरा. मी हडपसरलाच एका गच्चीवर खडूने दर तासाला रेघ मारत बसले होते. सकाळी नऊला पूर्ण गच्ची उन्हात दिसत होती, वेंडरने तेवढाच फोटो काढला होता. साडेअकरा ते अडीच, जेव्हा खरी वीज होते, तेव्हा पाण्याच्या टाकीमागचा एक कोपरा सोडला तर सगळीकडे सावली. तिथे मी काम नको म्हणून सांगितलं. तुमच्याकडे डिसेंबरात एक रविवार काढा, चार पोरं आणि खडू घ्या.

आम्ही भाड्याने राहतो. घरमालक सबमीटरवर युनिटला ११ रुपये घेतात. भाडेकरूसाठी काही योजना?
– र. क., सुखसागरनगर

सरळ सांगते, सध्या काही नाही. बिल मालकाचं, छप्पर मालकाचं, अनुदानही त्यालाच. पुण्यात हजारो घरं अशी आहेत आणि त्यांच्यापर्यंत हा पैसा पोचतच नाही. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच असे नियम केले की पॅनेल एका जागी आणि त्याचे युनिट वेगवेगळ्या ग्राहकांच्या बिलात वजा. असं इथे गरिबांसाठी मोठ्या प्रमाणावर व्हावं, महापालिकेच्या शाळांच्या गच्च्या त्यासाठी द्याव्यात, हे मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते. पण त्यातही भाडेकरूच्या नावाचं बिल लागेलच, ते विसरू नका.

तोवर आज हातात आहे ते करा. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा तीसच्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात, म्हणजे तुमच्या दराने पावणेदोनशे रुपये. अडीच-तीन हजारांचा पंखा दीड वर्षात फिटतो, आणि घर बदललं की तो तुमच्याबरोबर येतो.

आमच्या करातून एका घरावर ४७ हजार रुपये खर्च करणं योग्य आहे का? मी स्वतः ३ किलोवॅट बसवलं आहे, समाधानी आहे. पण मुलगी अमेरिकेत असते, ती सांगते तिकडे अशीच योजना सरकारने मधेच बंद केली. इथे तसं झालं तर?
– निवृत्त शिक्षक, कोथरूड

सर, प्रश्न मोकळेपणाने विचारलात, बरं वाटलं. तुम्ही ३ किलोवॅट बसवलंत म्हणजे नियमाप्रमाणे तुम्हाला ७८,००० मिळाले. तो तुमचा हक्क होता आणि तुम्ही ऊन वाया जाऊ दिलं नाहीत. आता येरवड्याच्या पिवळ्या कार्डाच्या घराकडे बघा. केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १७,५०० मिळून ४७,५००. राज्याने भर घालूनही त्या घराला तुमच्यापेक्षा ३०,५०० कमीच मिळतात. कारण अनुदान किलोवॅटवर आहे. ज्याची गच्ची मोठी आणि वापर जास्त, त्याला जास्त. आणि ज्याच्याकडे दोन लाख आधी भरायला आहेत, त्याला आधी. मला म्हणायचं आहे ते एवढंच, की पैसा सार्वजनिक असेल तर तो आधी त्यांच्यासाठी खर्च व्हावा ज्यांना तो स्वतः उभा करता येत नाही.

तुमच्या मुलीचं म्हणणं खरं आहे. तिकडे २०२२ च्या कायद्यातून ७०० कोटी डॉलर कमी उत्पन्नाच्या घरांच्या सोलरसाठी ठेवले होते. एप्रिल २०२४ मध्ये ६० संस्था निवडल्या, नऊ लाखांहून जास्त घरांपर्यंत जायचं ठरलं, आणि प्रत्येक घराचं बिल निदान २० टक्क्यांनी उतरलं पाहिजे अशी अट घातली. ही अट मला फार आवडली. आपल्याकडे किलोवॅट मोजतात, तिथे घराची बचत मोजायचं ठरलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने हा कार्यक्रम रद्द केला. तोवर बराच वेळ आखणीतच गेला होता.

आपली केंद्राची योजना ७५,०२१ कोटींची, १ कोटी घरांची, २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. पुढे वाढेल या भरवशावर मी कोणाला थांबायला सांगत नाही. छपरावर लागलेलं पॅनेल कोणी काढून नेत नाही.

ताई, आमचं घर पत्र्याचं आहे. पत्र्यावर टायर आणि दगड ठेवलेत. मीटर माझ्या नावावर आहे, पिवळं कार्ड आहे. पत्र्यावर सोलर बसतं का?
– एक ताई, जनता वसाहत, पर्वती पायथा

नुसती चिठ्ठी वाचून उत्तर देण्यासारखं नव्हतं म्हणून मी त्यांच्याकडे जाऊन आले. शेजारच्या पाण्याच्या पिंपावर पाय देऊन वर चढले. पत्रा चार वर्षांचा, चांगला आहे. पण खालचा पाईप अंगठ्याने दाबला तर गंजाचा पापुद्रा हातात आला. भिंत चार इंची. दक्षिणेला टेकडीचा उतार आहे, पण ऊन मोकळं मिळतं.

१ किलोवॅटची दोन पॅनेल, सांगाडा धरून ऐंशी-नव्वद किलो. वजनाची मला एवढी भीती नाही. भीती आहे ती मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्याची. पॅनेल शिडासारखं वारा धरतं आणि खालून उचलतं. त्या टायरांचं काम तेच आहे, पत्रा धरून ठेवणं. अशा पत्र्याला नुसते स्क्रू मारून पॅनेल लावणारा वेंडर भेटला तर त्याला परत पाठवा. सांगाडा भिंतीतून वर आलेल्या स्वतंत्र पायांवर हवा, पत्र्याचा त्याला आधार नको.

पाईप बदलायला आणि पाय उभे करायला फॅब्रिकेटरने चौदा हजार सांगितले. सोलरचा वाटा अडीच हजार, आणि ते धरून ठेवणाऱ्या लोखंडाचे चौदा हजार. दोन्ही योजना पॅनेलचे पैसे देतात, छपराचे देत नाहीत. पत्र्याखाली राहणाऱ्यांसाठी योजना आखताना या चौदा हजारांची ओळ त्यात असायला हवी होती. हे मी महाऊर्जेच्या, म्हणजे राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेच्या, औंध रस्त्यावरच्या कार्यालयात लेखी दिलं आहे, आणि वाचकांपैकी ज्यांना असाच अनुभव आला असेल त्यांनीही लिहून द्यावं.

त्यांची भिशी फेब्रुवारीत लागते, वीस हजारांची. तेव्हा पाईप बदलायचे ठरलं आहे. फॅब्रिकेटरला मी माप देऊन ठेवलं आहे, आणि त्याच वेळी भिंतीवर चार प्लेटा बसवून घ्यायला सांगितल्या आहेत, म्हणजे पॅनेल येतील तेव्हा वेल्डिंगसाठी पुन्हा पत्रा उचलावा लागणार नाही.